मांडीवरचा पांढरा पट्टा

क्लबात येणारी माणसं तिला बिल्लेवाली म्हणायची. तरुण होती तेव्हा बिल्लेवाली ताई, केस पिकले तशी बिल्लेवाली मावशी. रस्त्यावरून आत शिरलं की डाव्या हाताला एक चिंचोळी खोली होती, तिला अर्ध्या उंचीचा लाकडी कट्टा, आणि कट्ट्यामागे ती. आलेल्याचा कोट घ्यायचा, हँगरला अडकवायचा, हँगरवरच्या आकड्याचा पितळी बिल्ला त्याच्या हातात ठेवायचा. जाताना बिल्ला घ्यायचा, कोट द्यायचा. तेहतीस वर्षं तिनं एवढंच केलं. नाचायचं मोठं दालन भरलेलं तिनं फार तर चारदा पाहिलं असेल. तिथलं संगीत तिच्यापर्यंत भिंतीतून पोचायचं, तेही नुसती धडधड बनून, शेजारच्या घरात कुणी गादी झोडपत असल्यासारखं.

पण आतल्या लोकांना जे दिसायचं नाही ते तिला दिसायचं. थंडीच्या दिवसांत माणूस रस्त्यानं येतो तो कोटाच्या आड असतो. सगळे कोट सारखेच, करडे नाहीतर काळे. कट्ट्यापाशी तो कोट उतरवतो, आणि तासभर आरशासमोर उभं राहून जे काही अंगावर चढवलेलं असतं ते पहिल्यांदा कुणाला दिसतं, तर तिला. त्या क्षणी बहुतेक जण तिच्या तोंडाकडे चोरून बघत. तिच्या भुवया जरा वर गेल्या तरी पोरी खूश होऊन आत जायच्या.

तिची नजर अशी तयार झाली. ती कामाला लागली तेव्हा चमचमत्या टिकल्यांचे शर्ट होते. ते गेले आणि डोक्यापासून पायापर्यंत काळं आलं. मग खांद्यांत उशा कोंबल्यासारखे डगले आले, मग पोटऱ्यांना घट्ट चिकटणाऱ्या विजारी, मग दोन माणसं मावतील अशा ढगळ. दहा-बारा हिवाळे उलटले आणि एका संध्याकाळी कुणीतरी कोट काढला तर आत पुन्हा टिकल्या. घालणारी पोरगी मात्र अशा थाटात उभी की टिकली तिनंच शोधून काढलीय. बिल्लेवालीला हसू आलं. एखादी गोष्ट रस्त्यावर सर्रास दिसायला लागली की क्लबात ती संपलेली असते, आणि क्लबात संपलेली गोष्ट दहा-वीस वर्षांनी नव्या पोरांच्या अंगावर बसून पुन्हा येते, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. हँगरच्या रांगेमागे उभं राहून तिनं ते पाहिलेलं होतं.

आणि हे ज्ञान कुणाच्या उपयोगाचं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं, कारखानदार येईपर्यंत.

कारखानदार म्हणजे मागच्या गल्लीत जीन्स शिवून घेणारा एक माणूस. दोन मजल्यांची त्याची जागा होती. वर शिलाई यंत्रं, खाली धुलाईची मोठमोठी पिंपं. तो क्लबात यायचा, पण नाचायला नाही. दार उघडण्याच्या तासभर आधी यायचा, कट्ट्यावर कोपर टेकून उभा राहायचा आणि तिला विचारायचा, सध्या काय चाललंय. ती सांगायची. तो नीट ऐकून घ्यायचा, मधे तोडायचा नाही. बिल्लेवालीच्या आयुष्यात तिचं मत विचारणारा हा पहिला माणूस. ती त्याच्यासाठी डोळ्यांत तेल घालून बघायला लागली. शिवण कुठे आहे, खिसा किती खाली आलाय, पायाची घडी किती इंचाची. तिचा अंदाज दोनदा खरा ठरला तेव्हा कारखानदारानं विचारलं, बदल्यात तुम्हाला काय देऊ?

तिनं भावासाठी काम मागितलं.

भावाला सगळे लंबू म्हणत. तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, बाप कामाच्या मागे गावोगाव फिरता, म्हणून त्याचं न्हाणंधुणं, शाळा, मारामाऱ्या सगळं तिनंच निस्तरलं. स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. लंबूचं कुठल्याच कामात बूड ठरत नव्हतं. आज गोदामात, उद्या रंगाऱ्याच्या हाताखाली. त्यात नुकतंच लग्न झालेलं. कारखानदारानं त्याला गठ्ठे उचलायला ठेवून घेतलं आणि बिल्लेवालीचा जीव भांड्यात पडला.

त्याच हिवाळ्यात ती पँट आली.

दुसऱ्या शहरातून गाणी वाजवायला आलेला एक पोरगा होता. त्यानं कट्ट्यापाशी कोट काढला आणि बिल्लेवाली बघतच राहिली. साधी निळी जीन्स, पण दोन्ही मांड्यांवर पांढरे पट्टे. वर रुंद, गुडघ्याकडे निमुळते, कडा निळ्यात विरघळून गेलेल्या. वर्षानुवर्षं वापरून झिजलेली असावी तशी, आणि तरी कोरी करकरीत. आतल्या दालनाकडे जाणाऱ्या बोळात जांभळा दिवा होता. त्या दिव्याखाली गेल्यावर त्याच्या मांड्या उजळल्या. कापडाच्या आत कुणी दिवा लावलाय असं वाटलं. बोळातले सगळे वळून बघायला लागले.

महिनाभरात चार-पाच पोरं घरी रंग उडवण्याचं पाणी ओतून तसलं काहीतरी करून आली. कुणाच्या पँटीला भोकं पडली होती, कुणाची पिवळी झाली होती. तो वाजवणारा जाताना एक पिशवी विसरून गेला होता. एका दुपारी विसरलेल्या वस्तूंची पेटी आवरताना तिनं ती उघडली तर आत तीच पँट. दोन महिने कुणी विचारलं नाही तर वस्तू बिल्लेवालीची, असा तिथला नियम. दोन महिने झाले. तिनं पँट घडी घालून कारखानदाराला नेऊन दिली. ‘हे येणार,’ ती म्हणाली. ‘आणि थोडंथोडकं नाही येणार.’

कारखानदारानं आधी हातानं घासून पाहिलं, मग पाण्यानं, मग कुठूनतरी कळलं की हे वाळूचं काम आहे. खालच्या मजल्याच्या कोपऱ्यात प्लायवूडची एक खोली ठोकली, दारावर प्लास्टिकचा पडदा लावला, एक पंखा बसवला. बाहेर कॉम्प्रेसर. फुगवलेल्या रबरी नळकांड्यावर पँट चढवायची आणि नळीतून जोरात वाळू सोडायची. वाळू निळा रंग खरवडून काढते. खाली पडलेली वाळू गोळा करून, चाळून, पुन्हा भरायची. प्रत्येक फेरीला ती आणखी बारीक होत जायची. या कामाला लांब हात आणि न थरथरणारं मनगट लागे. लंबूकडे दोन्ही होतं. गठ्ठे उचलणारा लंबू कारागीर झाला.

त्याला केवढा अभिमान. घरी येऊन बहिणीला सांगायचा, नळी कशी धरायची, पट्ट्याची कड विरघळवायला मनगट कधी मागे घ्यायचं. दुसऱ्यांच्या हातून पट्टा धारदार येतो, माझ्या हातून धुकं येतं, असं म्हणायचा. एकदा ती त्याचा डबा घेऊन गेली तर पडद्याआड काही दिसेना. नुसता करडा लोट आणि आवाज. मग पडदा सरकवून लंबू बाहेर आला. तोंडाला फडकं बांधलेलं, केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. ‘ताई, बघ, म्हातारा झालो की नाही,’ तो म्हणाला. दोघंही पोट धरधरून हसली. लंबूची बायको वर शिलाईला होती, तीही खाली येऊन हसली.

तीन हिवाळे क्लबात पांढऱ्या मांड्याच मांड्या होत्या. चौथ्या वर्षी बिल्लेवालीला दिसलं की आतली पोरं आता गडद, कडक, न धुतलेली जीन्स घालायला लागलीत. तिनं कारखानदाराला सांगितलंही. पण रस्त्यावरच्या लोकांना पट्टे आत्ता कुठे हवेसे झाले होते. आणखी तीन वर्षं माल जात राहिला. लंबू एकूण सहा वर्षं त्या खोलीत होता.

खोकला आधी सगळ्यांनाच होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग लंबूला जिना चढवेना. एकतिसावं वर्ष, आणि मधल्या पायरीवर बसायचा. गल्लीतल्या दवाखान्यात क्षय सांगितला. वर्षभर क्षयाची औषधं झाली. अंगावरचं मांस गेलं, खोकला राहिला. शेवटी बिल्लेवाली त्याला मोठ्या रुग्णालयात छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

‘खाणीत होतात का?’ त्यांनी विचारलं.

लंबू म्हणाला, नाही.

‘दगड फोडायचं काम? बोगद्याचं?’

‘नाही. पँटींवर काम करतो.’

बाईंना वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग बिल्लेवालीनं सगळं सांगितलं. वाळू, नळी, प्लायवूडची खोली. बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘फुप्फुसात दगड बसलाय. मी काढू शकत नाही. कुणीच काढू शकत नाही.’ आता फक्त जपायचं. काम आजपासून बंद.

त्यानंतर तो चार वर्षं जगला. शेवटचं वर्ष खिडकीजवळच्या खुर्चीत बसून काढलं, कारण आडवं पडलं की श्वास पुरेना. बोलायचं तर एका दमात तीन-चार शब्द. बायको कामावर, मुलगी शाळेत, म्हणून दुपारी बिल्लेवाली त्याच्यापाशी असायची. संध्याकाळी तिथूनच कामाला निघायची. अशाच एका दुपारी, ती त्याची नखं कापत असताना, त्यानं विचारलं.

‘ताई, ती पहिली पँट. मालकाकडे कुणी आणली होती, तुला माहीत आहे?’

नखं कापणं तिनं थांबवलं नाही. ‘नाही रे,’ म्हणाली. ‘मला कसं माहीत असणार?’

‘असेल कुणीतरी,’ लंबू म्हणाला, आणि दुसरा हात पुढे केला.

त्याला खरं माहीत होतं की नव्हतं, हे तिला कधीच कळलं नाही. पुढे कित्येक वर्षं ती त्या वाक्याचा सूर आठवून बघायची. कधी वाटायचं त्याला माहीत होतं आणि तो तिला कबूल करायची संधी देत होता. कधी वाटायचं तो साधंच विचारत होता. दोन्हींपैकी काहीही असलं तरी आपण खोटं बोललो, हे बदलत नव्हतं.

तो गेला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. त्याच खोलीतले आणखी तिघं पुढच्या तीन वर्षांत गेले. बातम्या आल्या, आरडाओरडा झाला, आणि चौथ्या वर्षी त्या शहरात वाळूच्या कामावर बंदी आली. कारखानदारानं प्लायवूडची खोली मोडून तिथे कपाटं ठेवली. तो बिल्लेवालीला पुन्हा भेटायला आला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूनं जायचा. लंबूच्या बायकोनं दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं आणि ती लांब राहायला गेली. तिला नावं ठेवावीत असं काही नाही, वयच काय होतं तिचं. मुलीनं मात्र शाळा सोडायची नाही म्हणून हट्ट धरला आणि ती आत्याकडे राहिली.

मुलीला एवढंच सांगितलेलं होतं की बाबा कारखान्याच्या धुळीनं गेले. कसली धूळ, कशाची, हे ना तिनं विचारलं ना आत्यानं सांगितलं. दोन खोल्यांच्या घरात दोघी एकमेकींना सांभाळून राहत. भाची बापावर गेली होती. उंच, लांब हातांची, जरा वाकून चालणारी. वीस वर्षांची झाली, छपाईच्या दुकानात नोकरीला लागली, मैत्रिणींबरोबर नाचायला जायला लागली. आत्याच्या क्लबात नव्हे, नदीपलीकडे नवे क्लब निघाले होते तिथे. आत्याच्या क्लबात म्हातारे जातात, असं ती चिडवायची. बिल्लेवालीला ते पटायचंही. त्या हिवाळ्यात कट्ट्यावर कोट देणाऱ्यांत पोटं सुटलेले बरेच होते.

म्हणून या खेपेला नवी लाट तिला कट्ट्यावर दिसली नाही. ती घरात आली.

रविवारी सकाळी भाची जुन्या कपड्यांच्या दुकानातून पिशवी घेऊन आली आणि मागच्या खोलीत जाऊन कपडे बदलून आली. ‘आत्या, ही बघ. अस्सल जुनी आहे. आता असलं कुणी करतच नाही म्हणे. सगळ्या शोधतायत आणि मला मिळाली.’ ती दारात उभी राहिली, एक पाय पुढे टाकून. दोन्ही मांड्यांवर पांढरे पट्टे होते, गुडघ्याकडे निमुळते होत गेलेले. कडांना धुकं होतं.

बिल्लेवाली भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. पँटीचं बटण तिला बसल्या जागेवरून ओळखता आलं. तांब्याचं, मध्ये खाच असलेलं, कारखानदाराच्या मालावर असायचं तेच. लंबूच्या हातची असेलही, नसेलही. त्या खोलीत चार-पाच जण असत.

‘काढ ती,’ ती म्हणाली.

भाची हसली. तिला वाटलं आत्या जुन्या वळणाची, घट्ट पँट म्हणून बोलतेय. पण आत्या पुन्हा तेच म्हणाली, आणि तिसऱ्यांदा, आणि कारण काही सांगेना. भाचीचा पारा चढला. तू जन्मभर लोकांचे कपडे निरखत बसलीस, तुला काय अधिकार, असं काहीबाही बोलून ती तीच पँट घालून बाहेर पडली. बिल्लेवाली तिथेच बसून राहिली. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पंधरा दिवसांनी क्लबात एक तरुण बाई तिला शोधत आली. दिवस होता, अजून दार उघडायचं होतं. तिनं कट्ट्यावर कोपर टेकलं आणि बिल्लेवालीला कुणाचीतरी आठवण झाली. ती कारखानदाराची मुलगी निघाली. वडील अंथरुणाला खिळलेले, कारखाना आता तीच बघत होती. बोलायला फार गोड. म्हणाली, बाबा तुमचं खूप सांगायचे, तुमच्यासारखी नजर कुणाला नाही म्हणायचे. मग मुद्द्यावर आली. ते पट्टे परत आलेत, तुम्ही तर पाहिलंच असेल. जुने नमुने आमच्याकडे राहिले नाहीत. तुमच्याकडे एखादी पँट असेल तर हवी होती.

बिल्लेवालीनं विचारलं, बंदी आहे ना?

‘इथे आहे,’ मुलगी म्हणाली. ‘आम्ही इथे करतच नाही. रंग उडवायचं औषध मारून पाहिलं, पण गिऱ्हाइकाला ते खोटं वाटतं. एक ठेकेदार आहे, तो बाहेर कुठेतरी करून आणतो.’

‘बाहेर म्हणजे कुठे?’

ते तिला नक्की ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून सांगायचं नव्हतं. पण बोलण्याच्या ओघात तिनं एका जुन्या वीटभट्टीचं नाव घेतलं. बिल्लेवालीनं पँट नाही म्हणून सांगितलं. माझा भाऊ तुमच्या खोलीत होता, असंही सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला. ती तेव्हा लहान होती, तिला खरंच वाईट वाटलं असावं. वाईट वाटून ती गेली, आणि माल बंद झाला नाही.

त्या दिवशी भाची कामावरून आली तेव्हा बिल्लेवालीनं तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. विसरलेली पिशवी. दोन महिन्यांचा नियम. आपणच उचलून नेऊन दिलेली पँट, आणि त्याआधी मागून घेतलेली नोकरी. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. खिडकीतली खुर्ची. नखं कापत असताना त्यानं विचारलेला प्रश्न आणि आपण दिलेलं उत्तर. हे शेवटचं सांगायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

भाची सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘नोकरी मागितलीस ते चुकलं नाही. पँट दिलीस तेही नाही, तुला काय माहीत. पण बाबांनी विचारलं होतं गं.’

‘हो,’ बिल्लेवाली म्हणाली.

‘त्यांना शेवटी एवढंच हवं होतं आणि तू दिलं नाहीस.’

ती उठली, पिशवीत चार कपडे भरले आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. पांढऱ्या पट्ट्यांची पँट खुर्चीच्या पाठीवर तशीच टाकून गेली. तीन आठवडे तिचा फोन नव्हता. बिल्लेवालीनं ती पँट हलवली नाही. जेवायला बसताना दुसऱ्या खुर्चीत बसायची.

या तीन आठवड्यांत ती वीटभट्टी शोधून आली. शहराबाहेर बसनं दीड तास, मग शेतांमधून पायी. पत्र्याची शेड, आत प्लास्टिकचे पडदे, बाहेर कॉम्प्रेसर. आवाज तोच. पहिल्यांदा गेली तेव्हा एका दगडावर बसून राहिली आणि तशीच परतली. दुसऱ्या खेपेला दुपारच्या सुट्टीत गेली. सात जण भिंतीला टेकून जेवत होते, सगळ्यांचे केस पांढरे. तिनं सांगायला सुरुवात केली. त्यांनी तिला प्यायला पाणी दिलं, बसायला पोतं दिलं, सगळं ऐकून घेतलं. त्यांचा म्होरक्या होता तो शेवटी म्हणाला, ‘ताई, तुम्ही आमच्या भल्याचं सांगताय, कळतंय. पण हे सोडून काय करू, तेही सांगा.’

तिसऱ्या खेपेला ती बस थांब्यावर उभी असताना भाची मागून येऊन शेजारी उभी राहिली. कुणीतरी शेजाऱ्यानं सांगितलं असणार. दोघी बसमध्ये बसल्या, दीड तास खिडकीबाहेर बघत राहिल्या. उतरताना भाची म्हणाली, बाबांचा एक्स-रे आहे ना घरी, पुढच्या वेळी तो आण.

पुढच्या वेळी त्यांनी तो आणला. भाचीनं तो उन्हासमोर धरला आणि सातही जणांना दाखवला. हे माझे बाबा, एवढंच म्हणाली. त्यांच्यातला एक, ज्याला बाकीचे मुनी म्हणत कारण तो दिवसाला दहा शब्दही बोलत नसे, तो पाठोपाठ बस थांब्यापर्यंत चालत आला. मला खोकला आहे, म्हणाला.

डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी खाणीचा प्रश्न विचारला नाही. त्यांना पँटींचं माहीत होतं. मुनीच्या फुप्फुसात डाग होते. त्याला पाहून आणखी दोघं तपासायला आले. एकाचं स्वच्छ निघालं, तो आनंदानं त्याच संध्याकाळी कामावर परतला. दुसऱ्याचं निघालं नाही, आणि तोही परतला.

दोघींनी अर्ज केले. या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घातले. एकदा तपासनीस आले, शेडला कुलूप लागलं. आठव्या दिवशी मागच्या बाजूच्या दुसऱ्या शेडमधून कॉम्प्रेसरचा आवाज यायला लागला. दुसऱ्यांदा अर्ज केला तर सांगितलं, तिथे काम चालतच नाही असा अहवाल आहे. भाची संतापून टेबलावर हात आपटून आली. बिल्लेवालीला राग येईना, नुसता थकवा यायचा. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं.

मग शेड बंद झाली. अर्जानं नाही. नदीपलीकडच्या क्लबांत पोरं काळं, जाड, पायघोळ काहीतरी घालायला लागली, आणि त्यांना पांढरे पट्टे एकाएकी हास्यास्पद वाटू लागले. या वेळी सगळं फार भरभर झालं. आधी सात-आठ वर्षं चालायचं ते दोन हिवाळ्यांत आटपलं. ठेकेदार एका सकाळी कॉम्प्रेसर उचलून घेऊन गेला. दोघी तिथे पोचल्या तेव्हा पत्र्यांना टेकवलेली चाळणी तेवढी राहिली होती. सहाही जण कामाच्या शोधात पांगले होते, कोण कुठे गेलं ते म्होरक्याच्या घरच्यांनाही सांगता येईना. नुकसानभरपाईसाठी उभं करायचं म्हटलं तर माणसं नव्हती, आणि पुढे कुठल्या गावात कुणाला क्षय म्हणून औषधं मिळणार होती ते देवालाच माहीत.

राहिला फक्त मुनी. त्याला आता महिन्यातून दोनदा रुग्णालयात आणावं लागे. भाची त्याचे कागद सांभाळायची आणि बिल्लेवाली सोबत बसायची. सोमवारी तिला सुट्टी असे. एका सोमवारी मुनीला आत प्राणवायूची नळी लावून बसवलं होतं आणि त्याची बायको बाहेर बाकावर बिल्लेवालीशेजारी बसली होती. लहानखुरी बाई, हातावर विळ्याचे जुने व्रण. नवऱ्यासारखीच कमी बोलायची. त्या दिवशी तिनंच विचारलं, ‘तुम्ही तर ते कपडे घातलेली माणसं पाहिलीत ना?’

बिल्लेवाली म्हणाली, पाहिलीत. पुष्कळ.

‘मी नाही पाहिली कधी. हे घरी यायचे तेव्हा नुसती वाळू झटकायचे. ते काय बनवतात ते मला दिसलंच नाही.’ पुढे म्हणाली, ‘छान दिसायचे का?’

बिल्लेवालीला दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

‘हो,’ ती म्हणाली. ‘छान दिसायचे.’

बाईनं मान हलवली. मग नर्सनं आतून हाक मारली, आणि दोघी त्याला खुर्चीतून उठवायला आत गेल्या.